कुठला दिलीपकुमार दाखवायचा?

नाशिकच्या एका महाविद्यालयाने दिलीपकुमारांच्या चित्रपटांची मालिका करायचं ठरवलं आणि चित्रपट निवडायचं काम माझ्या थोरल्या भावाकडे आणि माझ्या मुलीकडे आलं. दादाने बँकेत नोकरी केली आणि उरलेला सगळा वेळ फिल्म सोसायटीला दिला. मुलगी मुंबईत जुन्या चित्रपटांची डिजिटल दुरुस्ती करते. दोघांचं सिनेमावर सारखंच प्रेम, पण त्या प्रेमाची तऱ्हा अगदी वेगळी.

नाशिकने ही मालिका करण्याला कारणही आहे. पेशावरमध्ये ११ डिसेंबर १९२२ला जन्मलेला युसूफ खान, म्हणजेच दिलीपकुमार, लहानपणी काही काळ नाशिकजवळच्या देवळालीच्या बार्न्स शाळेत शिकला. वडिलांचा फळांचा व्यापार होता. पुढे मुंबईचं खालसा कॉलेज, मग पुण्यात लष्कराच्या कँटीनमधली नोकरी, आणि त्यानंतर बॉम्बे टॉकीज. देवळालीचा विषय निघाला की दादाचा आवाज अजून चढतो.

दादासमोर नमुना होता तो डिसेंबर २०२२चा. दिलीपकुमारांच्या जन्मशताब्दीला, १० आणि ११ डिसेंबरला, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पीव्हीआरच्या साथीने वीसेक शहरांत, तीसहून अधिक सिनेमागृहांत ‘आन’, ‘देवदास’, ‘राम और श्याम’ आणि ‘शक्ती’ हे चार चित्रपट दाखवले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये अमिताभ बच्चन यांचे अकरा चित्रपट सतरा शहरांत दाखवून झाले होते. पुढे २०२३मध्ये देव आनंद आणि २०२४मध्ये राज कपूर यांच्या शताब्दीलाही अशाच मालिका झाल्या. राज कपूरच्या वेळी तिकीट शंभर रुपये होतं. दादाचं म्हणणं, तेच चार चित्रपट आपण नाशिकला आणू. मुलीला ते मान्य नव्हतं. दोघांचं जे बोलणं झालं, ते मी त्यांच्यासमोर बसून ऐकलं आणि आठवेल तसं उतरवलं आहे.

मामा : चारच चित्रपट, पण निवड किती नेमकी! ‘आन’ १९५२चा. त्यात घोड्यावरचा, तलवार फिरवणारा, नादिराला चिडवणारा दिलीप. तीन वर्षांनी ‘देवदास’, तिथे तो उभासुद्धा वेगळा राहतो. ‘राम और श्याम’मध्ये पोट धरून हसायला लावतो. आणि १९८२च्या ‘शक्ती’त बाप. तीस वर्षं, चार वेगळी माणसं, दोन दिवसांत. आणखी काय हवं?

भाची : मामा, ही चार टोकं झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो पोचला कसा, हे यातून कळत नाही. पहिला चित्रपट १९४४चा, शेवटचा १९९८चा, आणि एवढ्या काळात साठेकच चित्रपट. त्याच्या वेळचे बाकीचे नट किती काम करत होते बघ. इतकं मोजून काम करणारा माणूस प्रत्येक भूमिका घेताना काहीतरी विचार करत असणार. मला तो विचार पडद्यावर दिसायला हवाय.

मामा : विचार बघायला लोक तिकीट काढत नाहीत गं. ‘राम और श्याम’मध्ये प्राणच्या हातातला तो हंटर आठव. अर्धा चित्रपट राम मुकाट मार खातो. मग त्याच्या जागी श्याम येतो आणि हंटर त्याच्या हातात जातो. भरलेल्या थिएटरमध्ये त्या क्षणी काय होतं हे तू पाहिलंच नाहीस. शेजारच्या अनोळखी माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली होती. फोनवर बघणाऱ्या पोरांना मला ते द्यायचंय.

भाची : दे ना. ‘राम और श्याम’ला माझा विरोध नाहीच. तापी चाणक्य यांनी स्वतःचाच तेलुगू ‘रामुडू भीमुडू’ हिंदीत केला. तेलुगूत एन. टी. रामाराव आणि तमिळ अवतारात एमजीआर. तिन्ही महानायक, पण दिलीपकुमारने घाबरट रामवर जी मेहनत घेतली ती बघ. खांदे आत ओढलेले, नजर जमिनीवर, वाक्य सुरू करून अर्ध्यावर सोडलेलं. श्याम झाल्यावर तोच माणूस दारातून येताना आधी छाती आत येते. पोरं हसू देत, टाळ्या वाजवू देत. पण त्याच मालिकेत त्यांना ‘फुटपाथ’ही दिसला पाहिजे.

मामा : ‘फुटपाथ’! १९५३ला तो चित्रपट पडला होता.

भाची : म्हणूनच तो कुणी दाखवत नाही. झिया सरहदीचा चित्रपट. एक गरीब पत्रकार पैशासाठी औषधांच्या काळाबाजारात शिरतो, साथ येते, आणि औषध न मिळाल्याने मरणाऱ्यांत त्याचा स्वतःचा भाऊ असतो. शेवटी तो कबुली देतो. आपल्या अंगाला मेलेल्यांचा वास येतोय असं बोलणारा तो माणूस बघ. आवाज चढवत नाही. स्वतःचीच किळस आलेला माणूस जसा थांबत थांबत बोलेल, तसा बोलतो. महासाथीत औषधांचे भाव कसे चढतात हे या पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना हा चित्रपट जुना वाटणार नाही.

इथे मी मध्ये पडले, कारण ‘फुटपाथ’वरून मला ‘मशाल’ आठवला. दादाने आणि मी ‘अश्रूंची झाली फुले’ एकत्र पाहिलं होतं. वसंत कानेटकरांचं नाटक, नाट्यसंपदेचं. प्रभाकर पणशीकरांचे प्राध्यापक विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकरांचा लाल्या. थिएटरातून बाहेर पडताना सगळ्यांच्या तोंडी लाल्याच होता. १९८४मध्ये यश चोप्रांनी त्याच नाटकावरून ‘मशाल’ केला. जावेद अख्तर यांनी प्राध्यापकाचा संपादक केला, तो दिलीपकुमार; लाल्याच्या जागी अनिल कपूर आला. आणि मला आठवतं ते हे की, ‘मशाल’ पाहून बाहेर पडताना लोक प्राध्यापकाबद्दल, म्हणजे संपादकाबद्दल, बोलत होते. नाटकातलं पारडं त्या एका नटाने दुसऱ्या बाजूला झुकवलं होतं.

भाची : आई, हेच! ‘फुटपाथ’ आणि ‘मशाल’ एकापाठोपाठ दाखवायचे. दोन्हींत पत्रकार, दोन्हींत तो वाममार्गाला लागतो. मध्ये एकतीस वर्षं गेलेली. पहिल्यात तो लोभाने जातो, दुसऱ्यात सुडाने. ‘मशाल’मधला बॅलार्ड इस्टेटचा रस्ता मामाला मी सांगायला नको.

मामा : नको सांगूस. रात्र, रिकामा रस्ता, बायको झालेली वहिदा पोटात कळा येऊन फुटपाथवर कोसळलेली, आणि हा एकेका मोटारीला हात करतोय. कुणी थांबत नाही. सुरुवातीला सुशिक्षित माणूस मदत मागतो तशी मागतो, जरा संकोचून. मग धावायला लागतो. मग बंद खिडक्यांकडे बघून ओरडतो. एका संपादकाचा शेवटी भिकारी होतो, आणि कुठल्या क्षणी झाला ते सांगता येत नाही. साठी ओलांडलेला नट, दम लागलेला खराखुरा दिसतो. त्या प्रसंगाची नक्कल किती जणांनी केली, पण सगळे सुरुवातच ओरडण्यापासून करतात.

भाची : आणि फोनवर नेमकं ओरडणंच फिरतं. तीस सेकंदांचा तुकडा. त्याआधीचा संकोच कुणाला माहीतच नाही. मामा, मालिका करायची ती यासाठी.

दादा इथे जरा गप्प झाला. पण एवढ्याने हार मानणारा तो नाही.

मामा : बरं, जोड्या. तुझी ही जोड्यांची कल्पना मला आवडली, खोटं कशाला बोलू. मग मी एक जोडी देतो. ‘मुगल-ए-आझम’ आणि ‘शक्ती’. १९६०मध्ये हा बंडखोर मुलगा, समोर कर्तव्याला चिकटलेला बाप. १९८२मध्ये हाच कर्तव्याला चिकटलेला बाप आणि समोर अमिताभ. बावीस वर्षांत माणूस टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला.

भाची : ही जोडी एकदम मान्य! पृथ्वीराज कपूर अकबर म्हणून रंगभूमीच्या आवाजात गरजतात, घशातून नाही, बेंबीच्या देठापासून. सलीम त्यांच्या पट्टीत जातच नाही. तो आवाज खाली आणतो. बापाला उत्तर देताना जणू तो शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतोय. आणि ते पिसाचं दृश्य. अनारकलीच्या चेहऱ्यावरून तो पीस फिरवतो, पार्श्वभूमीला बडे गुलाम अली खाँसाहेबांचा आवाज, आणि चेहरा जवळजवळ स्थिर. भुवई हलत नाही. हे मोठ्या पडद्यावरच दिसतं, कारण त्यात बघण्यासारखं फार कमी घडतं आणि जे घडतं ते डोळ्यांच्या कडांना घडतं.

मामा : आणि त्या वेळी दिलीप आणि मधुबाला एकमेकांशी बोलत नव्हती, हे लोकांना सांगायलाच हवं! ‘नया दौर’चा खटला, मधुबालाच्या वडिलांनी तिला बाहेरगावी चित्रीकरणाला पाठवायला दिलेला नकार, बी. आर. चोप्रांनी तिच्या जागी वैजयंतीमालाला घेणं, कोर्टात दिलीपने चोप्रांच्या बाजूने दिलेली साक्ष...

भाची : नाही मामा. तेवढं नको. प्रत्येक प्रास्ताविकात हीच गोष्ट येते आणि मग लोक पडद्यावर सलीम-अनारकली बघतच नाहीत, दिलीप-मधुबाला बघतात. दोन माणसांच्या खासगी दुःखाने अभिनयाचं श्रेय खाऊन टाकायचं का?

मामा : मला नाही पटत. माणूस काय भोगत होता ते कळलं की अभिनयाची किंमत जास्तच कळते. तू त्याला प्रयोगशाळेत ठेवतेस.

या मुद्द्यावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. माझा कल मुलीकडे आहे. कारण दुसरं, चांगलं उदाहरण दिलीपकुमारांनी स्वतःच्या आयुष्यातून दिलेलं आहे आणि त्यात कुणाची बदनामी नाही. ‘दीदार’, ‘दाग’, ‘देवदास’ अशा शोकांत भूमिकांनी ते इतके खचले की डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी हलक्याफुलक्या भूमिका घ्यायला सुरुवात केली. ‘आझाद’ आणि ‘कोहिनूर’ त्यातून आले. ‘कोहिनूर’मध्ये हमीर रागातलं एक गाणं आहे. त्यात सतार धरायची म्हणून ते उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याकडे सतार शिकले. रेकॉर्डिंगला वाजवली उस्तादांनीच, पण पडद्यावर बोटं कुठे पडतात ते बघा. गंमत म्हणून घेतलेल्या भूमिकेसाठीही माणूस एवढा राबतो. प्रास्ताविकात सांगायचं तर हे सांगावं.

भाची : गाण्यावरून एक विचारू? अभिनेत्याच्या नावाने मालिका केली की बाकीचे सगळे झाकले जातात, हे मला सलतं. ‘देवदास’मधला दिलीपकुमार म्हणजे अर्धा तलत महमूद. ‘मधुमती’तला म्हणजे मुकेश. ‘गंगा जमुना’त रफी. आणि ‘देवदास’ तर बिमल रॉयचा आहे. बरुआंच्या सैगल असलेल्या ‘देवदास’चा कॅमेरा याच बिमलदांनी सांभाळला होता. तीच कथा वीस वर्षांनी पुन्हा करताना त्यांनी काय बदललं, कमल बोस यांनी प्रकाश कसा टाकला, नबेंदू घोष यांची पटकथा, राजिंदर सिंग बेदींचे संवाद. पोस्टरवर मात्र एकच चेहरा.

मामा : असू दे की. प्रेक्षक चेहऱ्यासाठीच येतो आणि मग बाकीच्यांपाशी पोचतो. मी तलतपर्यंत दिलीपमार्गे पोचलो, आणि बेदींच्या कथा वाचायला लागलो तेही ‘देवदास’मुळे. शिवाय तू म्हणतेस तेवढा हा नट दिग्दर्शकाच्या हातातलं बाहुलं नव्हता. ‘गंगा जमुना’ त्याने स्वतः काढला. दिग्दर्शक म्हणून नाव नितीन बोस यांचं, पण प्रत्येक गोष्टीत हा. हिंदी चित्रपटाचा नायक पडद्यावर अवधी बोलतो, ते १९६१मध्ये! लोक म्हणत असणार, चालणार नाही. सेन्सॉरने अडवला, त्यासाठी हा दिल्लीपर्यंत गेला. आणि चित्रपट तुफान चालला. ‘लीडर’ची तर कथाही त्याची. अशा माणसाच्या नावाने मालिका नाही करायची तर कुणाच्या?

भाची : ‘गंगा जमुना’ मान्य. मी एवढंच म्हणते की प्रत्येक चित्रपटाआधी दिग्दर्शक, छायालेखक, पार्श्वगायक यांची नावं पडद्यावर मोठ्या अक्षरात यावीत. आणि ‘मुसाफिर’मधलं गाणं ऐकवावं. हृषिकेश मुखर्जींचा पहिला चित्रपट, संगीत सलील चौधरींचं, आणि लताबाईंबरोबर दिलीपकुमार स्वतः गायलाय.

मामा : हे मला सुचायला हवं होतं.

मग निवडीतला सगळ्यात अवघड चित्रपट आला. तो मुलीने काढला. ‘अमर’, १९५४, मेहबूब खान.

भाची : हा दाखवलाच पाहिजे. वकील अमर. सुशिक्षित, देखणा, गरिबांची बाजू घेणारा, मधुबालाशी लग्न ठरलेला. वादळी रात्री निम्मी त्याच्या घरात आसऱ्याला येते आणि तो तिच्यावर अत्याचार करतो. पुढचा सगळा चित्रपट तो गप्प राहतो. समोर ती, समोर वाग्दत्त वधू, सगळे त्याच्याकडे न्यायासाठी बघतायत आणि हा गप्प. त्या काळातला सगळ्यात मोठा नायक, लोकप्रियतेच्या शिखरावर, भित्रा गुन्हेगार करायला तयार होतो. आजसुद्धा कुठला नट करेल?

मामा : आणि शेवटी त्याच मुलीशी त्याचं लग्न लागतं. आजच्या मुलींसमोर तू हे गौरव म्हणून मांडणार? त्याच्या नावाच्या मालिकेत? लोक त्याच्या आठवणीने येणार, हार-फुलं होणार, आणि तू पडद्यावर हे दाखवणार?

भाची : शेवट मलाही सहन होत नाही. तो १९५४चा शेवट आहे आणि त्यावर मुलींनी भांडावं, कडकडून भांडावं. पण मधलं ते गप्प राहणं बघ मामा. तो आरशासमोरून जाताना मान वळवतो. निम्मीचं नाव कुणी घेतलं की हातातल्या कागदांकडे बघायला लागतो. मधुबाला प्रेमाने काही विचारते तर उत्तर देताना हसतो आणि ते हसू वेळेआधी संपतं. सज्जन दिसणारा माणूस गुन्हा लपवताना कसा दिसतो, हे या नटाने किती बारकाईने अभ्यासलंय. मला वाटतं, त्याचा गौरव यात जास्त आहे. तो स्वतःला चांगला दाखवायला आलाच नव्हता.

मामा : मला वेळ दे.

दादाला मी असं म्हणताना फार कमी वेळा ऐकलं आहे.

तांत्रिक बाबींत मुलगी अधिकारी आणि तिथे दादा मुकाट ऐकतो. ती म्हणाली, मालिकेत काय दिसणार हे पुष्कळदा आपली आवड ठरवतच नाही, डबा ठरवतो. पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंतची फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी. त्यानंतरची ॲसिटेटची, ती पेटत नाही पण सडते. रिळाचा डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास अंगावर येतो, फिल्म आक्रसलेली असते, कडा लाटांसारख्या वळलेल्या, आणि दोन वेढे एकमेकांना चिकटलेले असले तर सोडवताना चित्राचा थर निघून येतो. दुरुस्ती करणारा फुंकर मारायलाही धजत नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ला सुरू झालं, पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून रिळं गोळा केली, तेव्हा कुठे एवढं तरी उरलं. २००३च्या आगीत पुण्यातली जुनी नायट्रेट रिळं गेली, त्यात प्रभातच्या चित्रपटांचाही ठेवा होता. त्यामुळे शताब्दीला चारच चित्रपट का, याचं एक उत्तर आवडीनिवडीपलीकडचं आहे, असं तिला वाटतं. मोठ्या पडद्यावर दाखवण्याजोगी प्रत हाताशी असणं ही पहिली अट.

भाची : आणि प्रत मिळाली तरी दाखवणारे ती कापतात. जुन्या चित्रपटांची चौकट चौरसाच्या जवळची, एकास एक पूर्णांक सदतीस शतांश. आजचा पडदा आडवा पसरट. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, त्या प्रेक्षकांना खटकतात, म्हणून चित्र ताणतात किंवा वरून-खालून छाटतात. ‘देवदास’मध्ये तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो, हात खाली लोंबतो, आणि बोटं मूठ करू की नको अशी हलतात. छाटलं की हातच गेला. चेहरा उरतो, आणि चेहऱ्यावर तो काहीच करत नाहीये.

मामा : काळ्या पट्ट्या ठेव. मी प्रोजेक्शनवाल्याशी बोलतो. पण मग ‘मुगल-ए-आझम’ रंगीत लाव. २००४ला रंगवलेली प्रत छान आहे, पोरांना काळं-पांढरं चालत नाही.

भाची : के. आसिफने काही भाग रंगीत केला होता, शीशमहालाचं नाचगाणं त्यात आहे. आधीचा सगळा चित्रपट काळा-पांढरा बघत आल्यावर अचानक रंग येतात आणि हजार आरशांत अनारकली दिसते. आधीच सगळं रंगवून टाकलं तर तो धक्काच जातो. ५ ऑगस्ट १९६०ला मराठा मंदिरमध्ये लोकांना जो धक्का बसला, तो नाशिकच्या पोरांना का नको?

मामा : मग पोरं पहिल्या अर्ध्या तासात उठून गेली तर?

भाची : उठणारे उठतील. बसलेल्यांसाठी करूया.

मामा : हे सोसायटीवाल्यांचं बोलणं झालं. आम्हीही असंच बोलायचो, आणि मग हॉलमध्ये अकरा माणसं असायची. मला हॉल भरलेला हवाय.

दोघांचं खरं भांडण इथे आहे असं मला वाटतं. दादाला गर्दी हवी, कारण दिलीपकुमार गर्दीचा नट होता. रिकाम्या खुर्च्यांसमोर ‘राम और श्याम’ हा त्याला अपमान वाटतो. मुलीला नजर हवी. तिचं रोजचं काम एका चौकटीतला ओरखडा शोधायचं, सेकंदाला चोवीस चौकटी. ती प्रत्येक चौकट जपत बसते आणि मग लोक मोबाइलवर बोलत चित्रपट बघतात, हे तिला सोसत नाही.

शेवटची खडाजंगी ‘बैराग’वरून झाली. १९७६चा चित्रपट, तिहेरी भूमिका, आणि नायकाचं वय पन्नाशीच्या पुढे.

मामा : छे! अजिबात नाही. ‘अमर’चा विचार करेन मी. ‘बैराग’ नाही. ज्यात तो थकलेला दिसतो, विगखाली दडलेला दिसतो, ते नव्या पिढीला दाखवायचं म्हणजे त्याला उघडं पाडणं.

भाची : त्याशिवाय ‘शक्ती’ कळणार कशी? पन्नाशी उलटल्यावरही हा माणूस बागेत नायिकेमागे धावतोय, एका चित्रपटात तीन-तीन दिलीप. लोकांना ते पटलं नाही. मग पाच वर्षं एकही चित्रपट नाही. १९८१ला ‘क्रांती’ने परत आला तेव्हा तो नायकाचं ओझं उतरवून आला होता. पुढच्या वर्षी ‘शक्ती’त डीसीपी अश्विनीकुमार. केस पिकलेले. गुंडांनी मुलाला पळवलंय, टेलिफोनवर ते सौदा करतायत, आणि कायदा मोडणार नाही असं सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते करायला ‘बैराग’मध्ये हरावं लागतं. आणि आई झालेली राखी गेल्यानंतरचं दृश्य. पोलिसांच्या पहाऱ्यात मुलगा आत येतो, बापाशेजारी बसतो, त्याच्या दंडाला हात लावतो. एक शब्द नाही. अमिताभसारखा नट समोर, सलीम-जावेद लिहायला, आणि शब्द नाही. दिलीपकुमार मान वळवून बघतोसुद्धा किती उशिरा.

मामा : तो सीन मी बघू शकत नाही.

भाची : मला माहितेय. म्हणूनच म्हणते, त्याच्या आधी ‘बैराग’.

मामा : त्याला हे आवडलं नसतं.

भाची : ‘ज्वार भाटा’ हा पहिला चित्रपट आला तेव्हा बाबूराव पटेलांनी ‘फिल्मइंडिया’त त्याला नको नको ते बोलून घेतलं होतं. तो खचला नाही, थिएटरात जाऊन दुसऱ्यांचे चित्रपट बघत शिकत राहिला. स्वतःचं फसलेलं काम बघायची ताकद त्याच्यात आपल्यापेक्षा जास्त होती मामा.

दादाने कागद पुढे ओढला. यादीत तोवर ‘फुटपाथ’, ‘मशाल’, ‘मुगल-ए-आझम’, ‘शक्ती’, ‘देवदास’, ‘कोहिनूर’, ‘गंगा जमुना’, ‘राम और श्याम’ एवढी नावं होती. आता प्रत्येकाच्या हक्कधारकाला पत्र जायचं आणि होकार येईल तसं वेळापत्रक बदलायचं. ‘आन’ मुलीने खोडला होता, तो त्याने पुन्हा लिहिला. १६ मिलिमीटरवर गेव्हाकलरमध्ये चित्रीकरण करून टेक्निकलरमध्ये मोठा केलेला, लंडनला झळकलेला चित्रपट यादीत हवाच, म्हणाला. मुलीने हरकत घेतली नाही.

मामा : ‘बैराग’ लावायचा तर रविवारी सकाळी. संध्याकाळी नाही.

भाची : चालेल. आणि दुपारी लगेच ‘शक्ती’.

मामा : मधे भाषण ठेवायचं नाही. चहा द्यायचा आणि बसवायचं.

भाची : आणि ‘अमर’?

मामा : तो मी आज रात्री परत बघतो. तू बस बरोबर. जिथे तो गप्प राहतो म्हणतेस, तिथे थांबवून दाखव.